सांडलं तरच गोल

गोल वस्तूंविषयी आपल्या मनात उगाचच एक विश्वास असतो. मोती, दवाचा थेंब, पौर्णिमेचा चंद्र, नदीतला गोटा यांच्याकडे बघताना ही मंडळी कधीकाळी वेडीवाकडी असतील, त्यांनाही कोपरे असतील, अशी शंका मनाला शिवत नाही. ओसाका शहरातल्या एखाद्या गल्लीत लाल कागदी कंदिलाखाली मांडलेली ताकोयाकी बघतानाही तसंच होतं. लाकडाच्या पातळ सालीच्या होडीत आठ तपकिरी गोळे एकमेकांना खेटून बसलेले असतात; मास्तर वर्गात यायच्या आधीच शहाणी होऊन बसलेल्या मुलांसारखे साळसूद. अंगावर काळसर सॉसची झूल, तिच्यावर मेयोनेजच्या रेघा, समुद्री शेवाळाची हिरवी पूड, आणि सगळ्यांत वर कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या कात्सुओ माशाचे कांद्याच्या सालीहून पातळ पापुद्रे. खालच्या वाफेनं हे पापुद्रे वळवळतात, आळस देतात, एकमेकांच्या कानाला लागतात. संगीत नाटकात मरून पडलेल्या नटानं, पडदा पडायला फारच उशीर होतोय म्हणून, हळूच कूस बदलावी तसं ते दृश्य असतं. या सगळ्या थाटामाटाच्या पोटात ऑक्टोपसचा एक तुकडा निवांत बसलेला. इतकी ही नीटनेटकी गोलाई, आणि तिच्या मागे केवढी सांडलवंड! ती सांडलवंड हल्ली मी लाकडी मुठीच्या एका टोच्यानं रोज थोडीथोडी आवरायला शिकतो आहे.

बायकोला इथल्या एका विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं आणि मी माझं हिशेबतपासणीचं काम लॅपटॉपमध्ये कोंबून तिच्या मागून आलो. सकाळी ती प्रयोगशाळेत गेली, की घरात मी आणि दुसऱ्यांचे जमाखर्च एवढेच उरतो. आमच्या घरामागून ट्राम जाते. ओसाकात एके काळी ट्रामचं मोठं जाळं होतं, आता हान्काई नावाची ही एकच कंपनी ट्राम चालवते. तेन्नोजीहून एकुलता एक डबा निघतो, लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना जवळजवळ हात लावत, सुमियोशीच्या पुरातन देवळासमोरून, दक्षिणेला साकाईकडे जातो. अंगणातून जाणाऱ्या नातेवाइकासारखा तो वागतो. घाई नाही, घंटा वाजवतो तीही विचारपूस केल्यासारखी. त्या रुळांच्या कडेला एका घराची खालच्या मजल्यावरची खिडकी हेच एक दुकान आहे. खिडकीत लोखंडी तवे, तव्यांमागे एक सत्तरीतल्या ओबाचान, म्हणजे मावशी. ओसाकाच्या ओबाचान साऱ्या जपानात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहेत : बिबट्याच्या ठिपक्यांचे कपडे आणि पर्समधून अनोळखी माणसालाही काढून दिली जाणारी गोळी. आमच्या ओबाचाननी दोन्ही परंपरा निष्ठेनं राखल्या आहेत. ओळख होण्याआधीच त्यांनी माझ्या तळहातावर एक आल्याची गोळी ठेवली आणि मला 'नीईचान' म्हणजे दादा करून टाकलं. माझ्या कानशिलांवरचे पांढरे केस त्यांनी हिशेबात धरले नाहीत. हिशेबनीस म्हणून मला ते खटकायला हवं होतं. पण अशा चुकीच्या नोंदी कोण दुरुस्त करतो?

शिकवणी सुरू झाली ती त्यांच्या एका साध्या प्रश्नावरून. तुमच्या घरी तवा कुठला आहे, त्यांनी विचारलं. ओसाकात घरोघरी ताकोयाकीचा तवा असतोच अशी समजूत आहे, आणि ओबाचानच्या लेखी ती समजूत नसून नगरपालिकेचा नियम आहे. घरी तवा नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते, नळ नसलेलं घर भाड्यानं घेणाऱ्या माणसाविषयी वाटावं तसं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला गिऱ्हाईक नसतं. शाळा सुटलेली नसते, कचेऱ्या सुटायला वेळ असतो, ट्राममध्ये चालक आणि ऊन एवढेच प्रवासी. त्या वेळी यायचं, असं ठरलं. फी म्हणून मी काय द्यावं हेही त्यांनीच ठरवलं : करून झालेलं सगळं मीच खायचं. ही फी वाटते तेवढी सोपी नाही.

तवा जवळून पाहिला आणि मला एकदम कुडाळची आजी आठवली. बिडाचा जड तवा, त्यात अर्ध्या गोलाच्या वाट्या, मध्ये तेलाची चमक. हुबेहूब आप्पेपात्र, फक्त आजीच्यात सात वाट्या होत्या आणि इथे रांगाच्या रांगा. आजी थंडीत पहाटे गूळ-खोबऱ्याचे आप्पे करायची. उलटायला तिच्याकडे विणकामाची एक जुनी सुई होती, जिची जोडीदारीण कधीतरी हरवली होती. एकट्या सुईनं स्वेटर होत नाही म्हणून तिला स्वयंपाकघरात नोकरी मिळाली होती. आजीचं आप्प्यांचं शास्त्र कडक होतं. पीठ वाटीत पाऊणच भरायचं. थेंब काठावर पडला तर तो करपतो, करपला तर वास लागतो, आणि वास लागला तर शेजारच्या काकूंना कळतं की या घरातल्या सुनेचा हात स्थिर नाही. म्हणजे एका थेंबामागे अख्ख्या घराण्याची अब्रू टांगलेली. आमच्या स्वयंपाकघराचा तो पहिला धडा होता : सांडायचं नाही. दूध उतू जाऊ द्यायचं नाही, पानात टाकायचं नाही, ओंजळीतून दाणा गळू द्यायचा नाही. पाऊण वाटीत जे मावेल तेवढ्यावर भागवायचं आणि वरच्या पाव भागात फुगायला जागा ठेवायची. पुढे आयुष्यातही मी तसाच राहिलो असावा. माझ्या सगळ्या वाट्या पाऊण भरलेल्या असत.

ओबाचाननी पहिल्याच दिवशी पिठाचा घडा उचलला आणि तव्यावर महापूर आणला. वाट्या भरल्या, काठ बुडाले, रांगा दिसेनाशा झाल्या, आणि क्षणार्धात तव्याच्या जागी एक फिकट तळं उरलं. त्या तळ्यात त्यांनी अंदाजानं, पण एकही वाटी न चुकवता, ऑक्टोपसचे उकडलेले तुकडे सोडले. मग कांद्याची चिरलेली पात, तेनकासु आणि लाल आलं यांची मूठमूठ सगळीकडे भिरकावली, अक्षता टाकाव्या तशी. माझ्या आतली आजी डोळे मिटून बसली. पण तेवढ्यात ओबाचाननी टोच्या घेतला, वाट्यांच्या मधून उभ्या-आडव्या रेघा मारल्या, आणि पुराचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाच्या कडा आपापल्या वाटीत लोटल्या. तळ धरू लागल्यावर टोच्या कडेनं फिरवून गोळा पाव वळण वळवला, तेव्हा आतलं कच्चं पीठ खाली वाहून आलं आणि गरम लोखंडाला लागून त्याचीच नवी भिंत झाली. मग उरलेली लक्तरं पुन्हा आत खुपसली, पुन्हा पाव वळण. असं करता करता तळं आटलं, आणि जिथे पूर होता तिथे गोल गोल डोकी वर आली.

यामागचं भूमितीचं गुपित कळल्यावर मी बराच वेळ स्तब्ध होतो. वाटी अर्ध्या गोलाची असते. तिच्यात मावेल तेवढंच घातलं तर निघेल तोही अर्धाच गोल. पूर्ण गोळा व्हायला दुप्पट पीठ लागतं, आणि ते दुसरं अर्धं येतं कुठून, तर वाटीबाहेर सांडलेल्या पिठातून. म्हणजे सांडणं हीच पाककृतीतली एक पायरी. जे आजीच्या लेखी घराण्याला बट्टा होतं, ते इथे गोळ्याचं वरचं अंग होतं. एकाच वळणाच्या दोन तव्यांनी दोन देशांत इतकी उलटी तत्त्वज्ञानं सांगावीत, याची मला गंमत वाटली. आजीच्या वाटीतला आप्पा फुगून स्वतःच्या बळावर वर येतो. तो स्वावलंबी आहे. ताकोयाकीला मात्र आपली पडझड गोळा करून कुणीतरी हळूच आत ढकलावी लागते.

हा टोच्या म्हणजे मुळात कागदांच्या थप्पीला भोक पाडायचं हत्यार. स्वयंपाकघरात तो बदली होऊन आला. हिशेबनिसाच्या हाताला तेवढी एक वंशपरंपरा असल्याचं मी बोलून दाखवलं, पण ओबाचाननी ती पात्रता म्हणून मान्य केली नाही. त्यांचं शिकवणं फार थोड्या शब्दांत चालतं. टोच्या खुपसू लागलं की 'अकान', म्हणजे असं चालणार नाही. घाईनं वळवू लागलं की 'मादा, मादा', अजून नाही, अजून नाही. ढोसायचं नाही, कडेकडेनं फिरवायचं. गोळ्याला वाटलं पाहिजे की तो स्वतःहून वळतोय. वाट बघण्याचा हा भाग अवघड असतो. तव्यावरचं पीठ जूऽऽ असा आवाज करत असतं, तो आवाज हळूहळू बारीक होतो, आणि बारीक होता होता एका ठिकाणी जरा कोरडा लागतो. त्या कोरड्या सुराला वळवायचं. रेडिओवर ठेसन लावताना खरखरीतून अचानक माणसाचा आवाज सापडावा, तसा तो सापडतो.

रेडिओ मी उगाच काढला नाही. ताकोयाकीच्या आधी ओसाकात विकला जात होता तो पदार्थ म्हणजे राजिओयाकी. जपानात १९२५ साली नभोवाणी सुरू झाली आणि रेडिओ ही त्या काळातली सगळ्यांत नवी, सगळ्यांत दिमाखदार वस्तू ठरली. तेव्हा कुणीतरी गाईच्या स्नायूचे शिजवलेले तुकडे आणि कोन्याकु, म्हणजे एका कंदाची जेली, घातलेल्या गोळ्यांना रेडिओचं नाव देऊन टाकलं. गोळ्यातून आवाज येत नसे, बातम्या कळत नसत, पण खाणाऱ्याला आपण नव्या युगाचा घास घेतोय असं वाटत असणार. हे गोळे विकणाऱ्यांत एंदो तोमेकिची नावाचे एक गृहस्थ होते. ते मूळचे ओसाकाचे नव्हेत. दूर ईशान्येकडच्या फुकुशिमा प्रांतातल्या आइझु भागातून आलेले. म्हणून दुकानाचं नाव आइझुया. एक दिवस एक गिऱ्हाईक गाडीशी उभं राहून म्हणालं, की अकाशी गावात यात ऑक्टोपस घालतात. एंदोंनी घालून पाहिला. १९३५ साली ताकोयाकीचा जन्म झाला असं मानतात, तो असा.

त्या गिऱ्हाइकाचं नाव इतिहासानं ठेवलं नाही, याची मला फार हळहळ वाटते. त्यानं फक्त एक गोळा खाल्ला, आणि दुसऱ्या गावाला हे वेगळं करतात अशी नोंद केली. अशी माणसं प्रवासात असतात, लग्नाच्या पंगतीत असतात, सासरी आलेल्या नव्या सुनेच्या रूपात तर असतातच. त्यांच्यावर सगळे चिडतात. पण जगातल्या निम्म्या पाककृती त्यांच्याच कुरकुरीतून जन्मल्या असाव्यात. ओसाकाचा मानबिंदू समजला जाणारा पदार्थ हा आइझुहून आलेल्या विक्रेत्यानं, अकाशीचं कौतुक सांगणाऱ्या गिऱ्हाइकाच्या टोमण्यावरून केलेला आहे, हे मी ओबाचानना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, मग त्या दोघांना हे सुचलं कुठे? ओसाकातच ना?

ओसाकाला जपानचं स्वयंपाकघर म्हणण्याची पद्धत जुनी आहे. एदो काळात देशभरचा तांदूळ आणि माल इथल्या वखारींत यायचा. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरून कितामाएबुने नावाची व्यापारी गलबतं जपानच्या पश्चिम किनाऱ्यानं वळसा घालत कोम्बु हे समुद्री शेवाळ घेऊन यायची. त्या कोम्बुमुळे ओसाकाला दाशीची, म्हणजे तिथल्या सगळ्या स्वयंपाकाच्या मुळाशी असलेल्या पाण्याची, चटक लागली. ओबाचान म्हणतात, पीठ फक्त दाशीला धरून ठेवण्यापुरतं. त्यांचं प्रमाण बघितलं तर ते खरंच आहे : १०० ग्रॅम पिठाला ४०० मिलीच्या वर दाशी, आणि अंडी. एवढ्या पातळ पिठातून गोळा उभा राहील यावर एखाद्या अभियंत्यानं सही केली नसती. कोम्बुची पट्टी गार पाण्यात भिजत घालायची, पाणी तापवायचं, आणि उकळी फुटायच्या आत ती काढून घ्यायची. मग कात्सुओबुशी घालायची, ती तळाशी बसली की गाळायची, आणि फडकं पिळायचं नाही. पिळलं तर कडवटपणा उतरतो. हातातली गोष्ट शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घ्यायची नाही, हा नियम पाळताना माझ्यातल्या हिशेबनिसाला घाम फुटतो. या पाण्यात चवीला जे काही आहे त्याचा शोध १९०८ साली इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञांनी लावला. त्यांनी कोम्बुमधून ग्लुटामेट वेगळं काढलं, त्या चवीला उमामी म्हटलं, आणि गोड-आंबट-खारट-कडू या चौघांच्या शेजारी तिची खुर्ची मांडली. ओबाचानना इकेदा ठाऊक नाहीत. चमचाभर दाशी जिभेवर घेऊन त्या डोळे किंचित बारीक करतात, आणि ती जमली की नाही ते त्या डोळ्यांत दिसतं.

बाकीच्या साहित्याची वंशावळ बघायला गेलं तर एकेकाची कथा निराळी निघते. तेनकासु म्हणजे तेम्पुरा तळताना कढईत सुटलेले पिठाचे कण. दुसऱ्या पदार्थाची सांडलवंडच ती. लाल आलं मुरतं ते उमेची आंबट फळं खारवताना सुटलेल्या पाण्यात. तेही एका बरणीतून उरलेलं. सॉस इंग्लंडच्या वुस्टरशायर सॉसचा जपानी वंशज, आणि तो ताकोयाकीच्या अंगावर चढला महायुद्धानंतर. आइझुयात आजही सॉसशिवायचे गोळे मिळतात. मेयोनेज इथे बाजारात आलं १९२५ साली, क्युपी या नावानं. ते आणणारे नाकाशिमा तोइचिरो यांना त्याची ओळख झाली होती अमेरिकेत. जपानला लागणारा बहुतेक गहू अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून बोटीनं येतो. आणि खुद्द ऑक्टोपस? जपानी पाण्यात पकडलेला पुरत नाही, म्हणून मॉरिटानिया आणि मोरोक्कोच्या किनाऱ्यांवरून तो गोठवून आणतात. हे कळल्यापासून त्या होडीतल्या गोळ्यांकडे मी जरा सलगीनं बघतो. परदेशी रहिवाशानं सतत जवळ बाळगायचं निवासपत्र माझ्या खिशात असतं. सहारा वाळवंटाच्या काठावरून आलेल्या त्या तुकड्याला ते कुणी विचारत नाही. त्याला पिठाच्या घोंगडीत गुंडाळून दोनदा वळवलं, की तो ओसाकाचा.

एका रविवारी आम्ही दोघं अकाशीला जाऊन आलो. त्या निनावी गिऱ्हाइकाचं म्हणणं पडताळून बघायचं होतं. गाव समुद्राच्या एका अरुंद पट्टीवर आहे. समोर अवाजी बेट, मध्ये ३,९११ मीटर लांबीचा झुलता पूल. तिथल्या पाण्याला ओढ इतकी, की तिच्यात वाढलेले ऑक्टोपस उभ्यानं चालतात असं लोक अभिमानानं सांगतात. उओनोताना बाजारात आम्हाला ते आडवेच दिसले, पण अभिमानाला एवढी सूट द्यावी लागते. अकाशीचे गोळे अंड्याचे, मऊ, थोडे खचलेले. तिरप्या लाल लाकडी पाटावर मांडून येतात आणि ते कोमट दाशीत बुडवून खायचे. या पदार्थाची जन्मकथाही उरल्यासुरल्याची आहे. पूर्वी इथे नकली पोवळी बनवत आणि त्यासाठी अंड्यातला पांढरा भाग वापरत; मग उरलेल्या पिवळ्या बलकांचं करायचं काय, यातून हे गोळे आले, असं गावात सांगतात. खरं-खोटं पोवळी जाणोत.

अकाशीतून १३५ अंश पूर्व रेखावृत्त जातं. साऱ्या जपानची घड्याळं त्या रेषेवर लावलेली आहेत, आणि नेमक्या रेषेवर तारांगणाचा उंच मनोरा आहे, डोक्यावर मोठं घड्याळ घेऊन. आपली रेषा मिर्झापूरजवळून जाते, साडेब्याऐंशी अंशांवर. दोन्हींतल्या अंतराचे साडेतीन तास होतात. मनोऱ्याखाली उभा राहून मी कुडाळला आईला फोन लावला. इथे संध्याकाळचे सात होऊन गेले होते. तिकडे आई दुपारची झोप संपवून चहाचं आधण ठेवत होती. मासे तिला वर्ज्य नाहीत, पण कुठला मासा भल्या घरचा याची तिची यादी पक्की आहे आणि ऑक्टोपस त्या यादीत कधी बसलेला नाही. "अरे, आठ पायांचं ते खातात कसं? सोलतात?" तिनं विचारलं. मी सगळं सविस्तर सांगितलं, वाटी, पूर, टोच्या, पाव वळण. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मुद्दाम सांडतात? आणि त्या बाई तुला ओरडत नाहीत?" तिच्या आवाजात हेवा होता असं मला वाटलं. सासूच्या हाताखाली तिनं पाऊण वाट्या भरत अर्धा जन्म काढला होता.

पुढे सेन्निचिमाएच्या दोगुयासुजी गल्लीतून मी स्वतःचा तवा आणला. ओसाकाच्या हॉटेलवाल्यांना लागणारं सगळं त्या छपराखालच्या गल्लीत मिळतं : कंदील, दारावरचे पडदे, सुऱ्या, मेणासारखे दिसणारे नकली पदार्थ, आणि तांब्याचे, बिडाचे, विजेवर चालणारे ताकोयाकीचे तवे. दुकानदारानं तवा कागदात गुंडाळताना, पाण्यानं धुवायचा पण साबण लावायचा नाही, तेल पाजत राहायचं, असं बजावलं. नवजात बाळाला घरी पाठवताना सुईण सांगेल तशा त्या सूचना होत्या. तव्याचा पहिला उपयोग बायकोनं केला, तोही आप्प्यांसाठी. जपानात राहणाऱ्या पुष्कळ मराठी घरांत ताकोयाकीचे तवे असेच दुहेरी आयुष्य जगतात. सकाळी रवा-ताक, संध्याकाळी दाशी-ऑक्टोपस. तिनं वाट्या पाऊणच भरल्या. माझा हात मात्र आता काठावर थांबत नव्हता.

तवा घरी आला म्हटल्यावर शेजाऱ्यांनी आपणहून ताकोपा जाहीर केला, म्हणजे ताकोयाकीची मेजवानी. यात यजमान काही वाढत नाही. तवा टेबलाच्या मध्यभागी ठेवतात, सगळे भोवती बसतात आणि प्रत्येकाच्या हातात एकेक टोच्या. कुणी चीज आणतं, कुणी मोचीचे तुकडे, कुणी किमची. एखाद्या गोळ्यात गुपचूप वासाबी भरून कुणाच्या नशिबात तो येतो ते बघत बसायचं. बायकोची प्रयोगशाळेतली सहकारी शाकाहारी, पुण्याची. तिच्यासाठी कोम्बु आणि शिताके अळंबीची दाशी केली आणि ऑक्टोपसच्या जागी मका घातला. वरच्या मजल्यावरचे एरवी जिन्यात फक्त मान लववणारे अबोल गृहस्थ माझ्या वाटीतलं सांडलेलं पीठ स्वतःच्या टोच्यानं आत ढकलत होते, आणि मी त्यांच्या. टेबलावर कुणाची वाटी कुठली ते कळेनासं झालं. गोळे तयार झाले की तोंडात टाकायचे, आणि आतला लाव्हा जिभेवर पसरला की सगळ्यांनी मिळून हाफू-हाफू करत हवा आत-बाहेर ओढायची. त्या वेळी कुणालाच नीट बोलता येत नाही. माझं जपानी आणि त्यांचं जपानी तेवढ्यापुरतं सारखंच असतं.

ओबाचान दुकान बंद करून उशिरा आल्या, ठिपक्यांचा सदरा घालून. माझ्या वाट्यांतला एक गोळा त्यांनी दोन काड्यांवर उचलला, सॉस नको म्हणाल्या, आणि अख्खा तोंडात टाकला. हाफू-हाफू झालं. डोळे बारीक झाले. टेबलाभोवतीचे सगळे टोचे हवेत थांबले. त्यांनी गिळलं, चहाचा घोट घेतला, पर्स उघडून मला एक गोळी दिली, आणि निकाल सांगितला, "तोक्योपेक्षा बरे!" टेबलावर हशा उसळला, वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर चक्क थाप मारली. पूर्वेकडच्या काही दुकानांत गोळ्यांवर शेवटी तेल ओतून त्यांचं कवच कुरकुरीत करतात, म्हणे. मी तोक्योला एकदा विमान बदलण्यापुरता उतरलो आहे, तिथल्या एकाही माणसानं माझं काही वाकडं केलेलं नाही, आणि तिथला एकही गोळा मी चाखलेला नाही. तरी त्या संध्याकाळपासून तोक्योच्या लोकांविषयी मला मनापासून, अगदी घरच्या माणसासारखी, कीव वाटू लागली आहे.